पुस्तकात होतं, तरीही

डॉक्टरला डॉक्टरच घडवतो, या म्हणण्यावर माझा बरीच वर्षं विश्वास नव्हता. वैद्यक हे पुस्तकातून, शोधनिबंधांतून आणि रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून आपलं आपण शिकायचं शास्त्र आहे, असं मी मानत होते. वरिष्ठाने कनिष्ठाला वेळ दिला तर तो त्याचा चांगुलपणा. त्याबद्दल कृतज्ञ असावं, पण उपचाराच्या किंवा संशोधनाच्या हिशेबात तो धरू नये. सभांमधून, लेखांमधून ‘मेंटॉरिंग’ हा शब्द ऐकू यायला लागला तेव्हा मी त्या चर्चांपासून लांबच राहिले.

या मताला कारण होतं. मी छातीविकारात एमडी केलं तेव्हा आमच्याकडे शिकवणं मर्जीवर चालायचं. जो सरांच्या जवळचा, त्याच्या हातात ब्राँकोस्कोप आधी यायचा. जो जवळचा नाही, त्याने केसपेपर भरायचे आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबला पळायचं. जवळच्यांत मुली क्वचितच असत. मी तालुक्याच्या शाळेत शिकून तिथवर पोचलेली. माझ्यासाठी ग्रंथालय ही एकच जागा अशी होती, जिथे कोण कुठून आलंय हे कुणी विचारत नव्हतं. पुस्तक उघडलं की ते सगळ्यांना सारखंच सांगायचं. छापील अक्षरावरची माझी निष्ठा तिथून आली आणि मला तिचा अभिमान होता. माझ्या हाताखाली रेसिडेंट आले तेव्हा मीही त्यांना तेच दिलं: वाचनाची यादी, मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रती, आणि अडलंच तर विचारा एवढा निरोप.

हे मत बदललं ते एका बुरशीमुळे.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची ही बुरशी कुठे नसते असं नाही. उकिरडा, कुजणारा पालापाचोळा, भिजलेला कडबा, धान्याची जुनी पोती, घराच्या भिंतीची ओल. शरीराच्या तापमानाला ती मजेत वाढते आणि तापलेल्या कंपोस्टच्या ढिगातही तग धरते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातील इतके बारीक. आपल्यातला प्रत्येक जण रोज शेकड्यांनी ते आत ओढतो आणि निरोगी फुप्फुस ते गाजावाजा न करता साफ करून टाकतं. मग पुढे काय होतं ते बुरशीपेक्षा माणसावर जास्त अवलंबून असतं. रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी संपल्या आहेत, त्याच्या फुप्फुसात ती घुसते आणि रक्तवाहिन्या फोडत जाते. ज्याच्या फुप्फुसात जुन्या टीबीने पोकळी करून ठेवली आहे, तिथे ती वर्षानुवर्षं मुक्काम करते, गोळा धरते, आणि एक दिवस बेडक्यातून रक्त येतं. आणि ज्यांना दमा आहे, त्यांच्यातल्या काहींच्या श्वासनलिकांत, चिकट कफात ती रुजते. तिथे ती ऊतींत शिरत नाही, नुसती वस्ती करते. पण शरीराला ते खपत नाही. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बेसुमार वाढतात, इओसिनोफिल पेशी धाव घेतात, आणि बुरशीवर चालवलेल्या या हल्ल्यात स्वतःच्याच श्वासनलिकांच्या भिंती झिजून फुगतात. कफाचे तपकिरी, रबरासारखे खडे पडतात. या तिसऱ्या आजाराचं नाव अ‍ॅलर्जिक ब्राँकोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस. आम्ही एबीपीए म्हणतो.

मला हा आजार पहिल्यापासून विलक्षण वाटत आला, कारण तो दोन खात्यांच्या बांधावर उभा आहे. ही अ‍ॅलर्जी आहे म्हणून स्टेरॉइड द्यायचं, की बुरशी आहे म्हणून बुरशीचं औषध द्यायचं? दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं खरं आहे. अशा आजाराचं एक दुर्दैव असतं: तो कुणाच्याच अभ्यासक्रमाच्या मध्यभागी नसतो. मेडिसिनमध्ये दोन ओळी, क्षयरोगाच्या धड्यात एक तळटीप, दम्याच्या धड्यात शेवटचा परिच्छेद. परीक्षेत मात्र हमखास विचारला जातो. निदानाचे निकष आमच्या प्रत्येक रेसिडेंटला तोंडपाठ असतात.

आणि तरीही माझ्याकडे येणारे रुग्ण यायचे ते टीबीची औषधं घेऊन. काही जण एकदा, काही जण दोनदा. गोष्ट जवळजवळ ठरलेली: लहानपणापासून दमा, अलीकडे खोकला वाढलेला, अंगात कणकण, वजन उतरलेलं, कधी बेडक्यात रक्ताची रेघ. छातीच्या फोटोत वरच्या भागात सावली. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी सहा महिन्यांचा कोर्स सुरू. मग सावली एका ठिकाणची जाऊन दुसरीकडे उमटते, आणि औषधं लागू पडत नाहीत म्हणून पुन्हा कोर्स. भारतातल्या वेगवेगळ्या केंद्रांनी एबीपीएच्या रुग्णांचा जो लेखाजोखा मांडला आहे, त्यात आधी टीबी समजून औषधं दिलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि हे निरीक्षण गेली कित्येक वर्षं छापून येतंय. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अशोक शहांनी त्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं. म्हणजे पुस्तकात नव्हतं असं नाही. होतं, ठळक होतं. ज्यांनी टीबीची औषधं सुरू केली होती त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाचलंही होतं. त्यांच्याशी बोलताना निकष विचारले की धडाधड सांगायचे. फक्त समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहून त्यांना ते आठवत नव्हतं.

वाचन कमी पडतंय, एवढ्यावर माझा विचार पहिल्यांदा थांबला. मी यादी आणखी वाढवली.

मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये काही चिठ्ठ्या वेगळ्या असायच्या. ‘दमा जुना आहे, पंप नीट घेतो तरी आटोक्यात नाही, इओसिनोफिल जास्त, टोटल आयजीई पाठवलं आहे, सीटी करावा का?’ अशा. लिहिणारे साधे एमबीबीएस किंवा फॅमिली फिजिशियन, गावंही मोठी नव्हेत. पण अशा चिठ्ठ्या एकाच पट्ट्यातल्या तालुक्यांतून येत होत्या. कुतूहल म्हणून मी फोनवर विचारत गेले, तर बहुतेकांचं उत्तर एकाच माणसापाशी जाऊन थांबलं. त्या भागातल्या सरकारी रुग्णालयात दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेले एक फिजिशियन. ही सगळी मंडळी कधी ना कधी त्यांच्या हाताखाली होती: कुणी इंटर्न म्हणून, कुणी बंधपत्राच्या वर्षात. डॉक्टरांनी आयुष्यात एकही शोधनिबंध लिहिलेला नाही. ते काय करायचे, तर ओपीडीत दम्याचा पेशंट आला की शेजारी बसलेल्या पोराला म्हणायचे, ‘याला विचार, कफाचे खडे पडतात का? रंग कसला?’ आणि पेशंटने हो म्हटलं की त्या पोराला तो खडा बघायला लावायचे, डबीत घ्यायला लावायचे. बस्स. त्या पोरांना निकष पाठ नसतील कदाचित. पण कफाचा खडा त्यांनी पाहिला होता आणि तो बघताना त्यांच्या शेजारी कुणीतरी होतं.

मी ग्रंथालयावर विश्वास ठेवणारी बाई. हे पाहून मी अस्वस्थ झाले. माझ्या शहरातल्या, माझ्याच वाचनयाद्या घेऊन गेलेल्या मुलांपेक्षा त्या पट्ट्यातले डॉक्टर हा आजार आधी ओळखत होते.

मग या आजाराचा इतिहासच मी वेगळ्या नजरेने वाचायला घेतला. १९५२ साली इंग्लंडमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात आठ रुग्णांचं वर्णन केलं, तिथून आधुनिक काळात याची ओळख सुरू होते. तेव्हा आयजीई हे नावही अस्तित्वात नव्हतं. ते प्रतिद्रव्य सापडलं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमध्ये जोहान्सन आणि बेनिख यांना, दोन्हीकडे स्वतंत्रपणे. लंडनच्या ब्रॉम्प्टनमध्ये जॅक पेपिस यांनी त्वचेवरच्या चाचण्यांतून दाखवून दिलं की बुरशीला शरीर दोनदा उत्तर देतं: एकदा लगेच, एकदा काही तासांनी. मग १९७७ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने निदानाचे निकष मांडले. त्या निबंधावर पहिलं नाव रोझेनबर्ग यांचं आहे आणि विभागाचे प्रमुख रॉय पॅटरसन यांचं दुसरं. १९८२ मध्ये याच पॅटरसन यांनी, पॉल ग्रीनबर्गर आणि इतरांबरोबर, आजाराच्या पाच अवस्था सांगितल्या: तीव्र, शांत, पुन्हा उसळलेली, स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेली आणि शेवटी फुप्फुस कडक होऊन गेलेली. ग्रीनबर्गर हे पॅटरसन यांच्याकडे अ‍ॅलर्जीचं प्रशिक्षण घेतलेले. पुढची कित्येक दशकं ते याच आजाराचा माग काढत राहिले. श्वासनलिका अजून फुगलेल्या नाहीत, फक्त रक्त बोलतंय, अशा रुग्णांना वेगळं ओळखायला त्यांनी शिकवलं. पॅटरसन यांनी संपादित केलेलं अ‍ॅलर्जीवरचं पाठ्यपुस्तक नंतर लेस्ली ग्रॅमर आणि ग्रीनबर्गर यांनी पुढे चालवलं, आणि आज त्या पुस्तकाच्या नावातच ‘पॅटरसन’ आहे.

हे पुस्तक माझ्या कपाटात होतं. मी त्याच्यातली कोष्टकं वापरली होती. त्याच्या शीर्षकात एका शिक्षकाचं नाव त्याच्या विद्यार्थ्यांनी ठेवलंय, याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. जे ज्ञान मला व्यक्तिनिरपेक्ष वाटत होतं ते एका विभागात, एकमेकांच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षं तेच रुग्ण पुन्हा पुन्हा बघत तयार झालं होतं. पाच अवस्था एका भेटीत दिसत नाहीत. त्यासाठी कुणाला तरी आधीच्या माणसाच्या नोंदी पुढे न्याव्या लागतात.

इथवर आल्यावर सरळ म्हणता आलं असतं की बुवा, गुरूवाचून काही खरं नाही. पण मला ते म्हणवत नाही, आणि माझ्या मतबदलातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण ‘छातीवर सावली म्हणजे आधी टीबी’ हेही आम्हाला शिक्षकांनीच शिकवलं होतं. वाईट शिक्षकांनी नव्हे, उत्तम शिक्षकांनी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे तसं शिकवणं रास्तच होतं आणि त्या सवयीने अगणित जीव वाचवले. शेजारी बसून शिकवलेलं मनात खोल उतरतं, तसं शेजारी बसून शिकवलेली सवयही खोल उतरते. दोन्ही एकाच वाटेने येतात.

औषधाच्या मात्रेचंही तसंच. एबीपीएमध्ये प्रेडनिसोलोन किती आणि किती दिवस द्यायचं, याची दोन घराणी होती. एक जास्त मात्रेचं, एक मध्यम मात्रेचं. कोण कुठली मात्रा देतो हे बरंचसं तो कुठे शिकला यावर ठरायचं. मीही माझ्या सरांचीच मात्रा देत होते. चंडीगढच्या पीजीआयमध्ये डॉ. रितेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न चाचणीला लावला. ९२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जास्त मात्रेच्या गटात सहा आठवड्यांनी सुधारणा जास्त जणांत दिसली, हे खरं. पण वर्षभराने आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण आणि दोन वर्षांनी स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, आणि दुष्परिणाम मात्र जास्त मात्रेत जास्त. मग त्याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: स्टेरॉइड न देता नुसतं इट्राकोनॅझोल, म्हणजे बुरशीचंच औषध दिलं तर? १३१ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. सहा आठवड्यांनी प्रेडनिसोलोनच्या गटात सगळ्यांना गुण आला, इट्राकोनॅझोलच्या गटात ८८ टक्क्यांना, आणि दुष्परिणाम खूप कमी. मधुमेह असलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला काय द्यावं, याचं उत्तर माझ्यासाठी त्या दिवसापासून बदललं.

हे काम छातीविकाराच्या एका विभागाने एकट्याने केलं नाही. त्याच संस्थेत डॉ. अरुणालोके चक्रवर्तींसारखे बुरशीशास्त्रज्ञ शेजारच्या प्रयोगशाळेत होते. मँचेस्टरचे डेव्हिड डेनिंग यांच्यासह अग्रवाल आणि चक्रवर्ती यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला की भारतात एबीपीएचे रुग्ण सुमारे १४ लाख असावेत. अंदाजच तो, दम्याच्या रुग्णसंख्येवरून बांधलेला. पण तो निम्म्याने खोटा ठरला तरी उरलेला आकडा आपल्या ओपीड्यांमध्ये मावत नाही.

मला या चाचण्यांमधून जे मिळालं ते औषधापलीकडचं होतं. ज्या विभागात वरिष्ठ रोज एक ठरावीक मात्रा लिहितात, तिथे कनिष्ठाने उठून ‘ही मात्रा बरोबर आहे हे आपल्याला कशावरून माहीत?’ असं विचारायचं, आणि त्या प्रश्नाचा अपमान न होता त्याची चाचणी व्हायची, यासाठी काय वातावरण लागत असेल? आमच्या वेळी मला शिक्षण नको होतं असं नाही. मला मर्जी नको होती. मी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून बाजूला ठेवलं होतं.

शेजारी बसून काय देता येतं आणि छापील कागद काय देऊ शकत नाही, याचं माझ्याकडचं सगळ्यात पक्कं उदाहरण इट्राकोनॅझोलचंच आहे. हे औषध यकृतातलं एक विकर अडवतं. त्याच विकरावर दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन निचरा होण्यासाठी अवलंबून असतं. म्हणजे पंपातली नेहमीची, निरुपद्रवी मात्रा शरीरात साचत जाते. काही महिन्यांत रुग्णाचा चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे, दंड-मांड्या बारीक, आणि त्याची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी जाते. माणूस सांगत राहतो, ‘डॉक्टर, मी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतच नाही.’ आणि तो खरं सांगत असतो. शिवाय इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटात आम्ल असेल आणि अन्न असेल तरच नीट शोषली जाते. आपल्याकडे कुठलीही चिठ्ठी अनशापोटीच्या पँटोप्राझोलशिवाय पुरी होत नाही. एका गोळीने दुसरी गोळी वाया जाते, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून आजाराला नावं ठेवली जातात. हे सगळं छापलेलं आहे, औषधाच्या पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात आहे. पण रेसिडेंटच्या हातून इट्राकोनॅझोल लिहिलं जात असताना, पेन कागदावर टेकण्याच्या क्षणी ‘पंप कोणता चालू आहे? बेक्लोमेथासोनवर नेता येईल का? पित्ताची गोळी घेतो का? रक्तातली पातळी कधी तपासशील?’ असं कुणी विचारलं, तरच ते त्याच्या हाताला लागतं. पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर याला आणखी एक पदर आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला, घराघरांत ‘काळी बुरशी’ हा शब्द पोचला. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा यांच्या जोडीने लोकांचे डोळे, जबडे गेले. त्यानंतर ओपीडीत ‘फुप्फुसात बुरशीची अ‍ॅलर्जी आहे’ असं म्हटलं की समोरचं कुटुंब पांढरं पडतं. एका शेतकरी बाईच्या मुलाने उभ्याउभ्याच विचारलं, ‘मॅडम, ती काळी बुरशी का? आईचं ताट वेगळं करायचं का?’ मी बोलायच्या आत माझ्या रेसिडेंटने खुर्ची पुढे ओढली, त्याला बसवलं आणि सांगितलं, ‘दादा, ती बुरशी वेगळी. ही आपल्या सगळ्यांच्या श्वासात रोज जाते, तुमच्याही आणि माझ्याही. आईच्या शरीराला ती सोसत नाही, एवढंच. एकाची दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं करू नका. फक्त ओला कडबा आणि उकिरडा आईंना उपसायला लावू नका.’ बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, ‘सुनेला सांगा हेच.’ मग माझ्या रेसिडेंटने सुनेला फोन लावून तेच सांगितलं. हे वाक्य त्या मुलीला कुठल्या पुस्तकाने दिलं नव्हतं. तिच्या आधीच्या बॅचच्या एका मुलाने ओपीडीत असंच सांगितलं होतं, तेव्हा ती शेजारी उभी होती.

मेंटॉरिंगवरचं संशोधन मग मी नीट वाचलं, ज्याच्याकडे आधी पाठ फिरवली होती ते. साम्बुन्याक, स्ट्राउस आणि मारुशिच यांनी २००६ मध्ये ‘जामा’त उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना मार्गदर्शक होता, काही शाखांतल्या अध्यापकांमध्ये तर पाचांतल्या एकालाही नव्हता, आणि स्त्रियांना तो मिळणं जास्त कठीण जात होतं. शेवटचं वाचून मी पान बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ काही वाचलं नाही. २०१३ मध्ये स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी टोरोंटो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या अध्यापकांच्या मुलाखती घेऊन विचारलं की हे नातं कुठे जमतं आणि कुठे फसतं. जिथे देणंघेणं दोन्ही बाजूंनी, अपेक्षा स्पष्ट आणि आदर परस्परांचा, तिथे जमतं. जिथे संवाद नाही, वेळ नाही, किंवा वरिष्ठाला कनिष्ठ प्रतिस्पर्धी वाटायला लागतो, तिथे फसतं. माझ्या तरुणपणी जे मी मार्गदर्शन समजून नाकारलं, ते या दुसऱ्या यादीत बसत होतं.

तेव्हा आज माझं म्हणणं असं आहे: वरिष्ठ डॉक्टरने कनिष्ठाच्या शेजारी बसून घालवलेला तास हा उपचाराचाच तास आहे. सीटी मशीनचा जसा खर्च धरतात तसा तो धरला पाहिजे. त्याची नोंद हवी, त्याचा मोबदला हवा, आणि तो कुणाच्या मर्जीवर न ठेवता प्रत्येक रेसिडेंटच्या वाट्याला ठरवून यायला हवा. हे मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनापुढे मांडलं. त्यांनी विचारलं, याने रुग्णाला फायदा होतो याचा पुरावा काय?

प्रश्न योग्य आहे. त्या निवृत्त डॉक्टरांच्या पट्ट्याची गोष्ट मी सांगू शकते, पण तो पुरावा होत नाही. कदाचित त्यांच्याकडे टिकली तीच पोरं मुळात चौकस असतील. कदाचित तिथे कुठली लॅब आयजीई लवकर करून देत असेल. म्हणून आम्ही मोजायचं ठरवलंय. आठवड्यातून एक दुपार तालुक्यांतल्या काही डॉक्टरांबरोबर बसून त्यांचेच दम्याचे रुग्ण एकत्र बघायचे, काही ठिकाणी ते वर्षभर उशिरा सुरू करायचं, आणि दोन्हीकडे बघायचं की आटोक्यात न येणाऱ्या दम्याच्या रुग्णाची अ‍ॅस्परजिलसची आयजीई तपासणी किती लवकर होते. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय निकषांनी टोटल आयजीईची मर्यादा १००० वरून ५०० वर आणली आहे. त्यामुळे पूर्वी निसटणारे रुग्णही आता पकडीत येतील आणि मोजणी अर्थपूर्ण होईल, असं मला वाटतं.

ज्या रेसिडेंटच्या थीसिसमधून ही आखणी निघाली, ती माझ्याशी सहमत नाही. तिचं म्हणणं, तपासणी लवकर झाली हे मोजून काय उपयोग? तपासण्या तर आम्ही शिकवल्यावर वाढणारच. गरज नसलेल्यांच्याही वाढतील, आणि तो खर्च पेशंटच्या खिशातून जाईल. तिला मोजायचंय ते वेगळं: थुंकीत जंतू न सापडता टीबीची औषधं सुरू झालेल्या दम्याच्या रुग्णांची संख्या कमी होते का. मी म्हटलं, त्यासाठी रुग्णसंख्या फार मोठी लागेल, तुझी तीन वर्षं पुरणार नाहीत. ती म्हणाली, ‘मॅडम, मग थीसिस माझ्यापुरता छोटा ठेवू आणि अभ्यास पुढच्या बॅचला देऊ.’ मी अजून होकार दिलेला नाही. सोमवारच्या बैठकीला ती किती रुग्ण लागतील त्याचं गणित मांडून आणणार आहे, आणि टीबी विभागाच्या प्रमुखांनाही तिने परस्पर बोलावून ठेवलंय.